फळ्यांच्या पलंगावरची गादी

मराठीत ‘गादी’ या शब्दाला मोठा मान आहे. राजघराण्यांच्या गाद्या असतात, मठांच्या गाद्या असतात. अडत्याचा सारा व्यवहार एके काळी गादीवर बसूनच होत असे. आणि कुस्तीच्या मैदानातसुद्धा आता माती विभाग निराळा नि गादी विभाग निराळा. यांतल्या काही गाद्यांसाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली. ज्या गादीवर आपण रोज रात्री निमूटपणे आडवे होतो, तिची निवड मात्र बहुधा अर्ध्या तासात उरकली जाते. ती निवडणारा एक असतो, पैसे मोजणारा दुसरा असतो, आणि तिच्यावर पुढची दहा वर्षे झोपणारा पुष्कळदा तिसराच असतो.

वाचक मित्रहो, या तिसऱ्या माणसाविषयी मला बोलायचे आहे. विषय घरगुती आहे, हे मान्य. परंतु तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, स्वयंपाकपाणी आटोपून रात्री उशिरा ही पुस्तिका उघडत असणार, आणि त्यांतले काही पलंगावरच भिंतीला टेकून ती वाचत असणार. तेव्हा हा विषय तुमच्या पाठीला तरी परका वाटू नये.

गादीकडे वळण्यापूर्वी पलंगाकडे पाहायला हवे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने खेड्यापाड्यांत जी बाज वापरली, ती सुंभाच्या किंवा काथ्याच्या दोरीने विणलेली असे. ज्यांची ऐपत थोडी बरी, त्यांच्याकडे नवारीचा पलंग असे. रुंद सुती पट्टी उभी-आडवी ताणून विणलेला. या दोहोंवर एखादी गोधडी किंवा पातळशी गादी टाकली की काम भागत असे. गोधडी काही फार मऊ नसते. पण अंगाच्या भाराला जागा करून देण्याचे काम गोधडीचे नव्हतेच, ते बाज करीत होती. खांद्याखाली ती जरा अधिक दबे, कमरेखाली कमी दबे. महिन्या-दोन महिन्यांनी झोळी होऊ लागली की पायथ्याची दोरी ओढून पुन्हा घट्ट करायची. अमेरिकेसारख्या देशांत हेच काम वेगळ्या रीतीने साधलेले होते. तिथे पलंगाच्या चौकटीवर आधी कापडाने मढवलेली स्प्रिंगांची एक सपाट पेटी ठेवीत. तिला बॉक्स स्प्रिंग म्हणतात. तिच्यावर मग गादी. अंगाचा भार झेलायला असे दोन थर असत. आता तिकडेही ही पेटी मागे पडत चालली आहे आणि सपाट, कठीण तळाचे पलंग घरोघर दिसू लागले आहेत. आपल्याकडे ही पेटी कधी रुळलीच नाही. आपण बाजेवरून आणि नवारीवरून थेट प्लायवूडच्या फळीवर आलो.

फळी दबत नाही. तिच्याखाली कप्पे करता येतात, तिच्यावर सनमायका लावता येतो, ती पुसून घेता येते. तिचे गुण पुष्कळ आहेत. पण दबण्याची जबाबदारी तिने सोडून दिली, आणि ती सगळी एकट्या गादीवर येऊन पडली. गादी घेताना आपण कापड पाहतो, जाडी पाहतो, किंमत पाहतो. ही नवी जबाबदारी तिला पेलेल काय, एवढे पाहायचे राहून जाते.

मला हे पाहावे लागले ते आईसाठी. वडील गेल्यानंतर चोपडा तालुक्यातले घर बंद करून आई नाशिकला माझ्याकडे आली, तेव्हा जून संपत आला होता. तिच्याबरोबर एक ट्रंक होती, एक पोथी होती, आणि सुतळीने आवळून बांधलेली तिची जुनी गादी होती. त्या गादीतला कापूस आमच्याच शेतातला. आईचे वय चौऱ्याहत्तर, वजन शेहेचाळीस किलो, दोन्ही गुडघे झिजलेले. जमिनीवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. म्हणून सुताराकडून आतल्या लहान खोलीच्या मापाने सहा फूट बाय तीन फुटांचा पलंग करवून घेतला. वर प्लायवूडची सलग फळी, खाली दोन कप्पे.

पलंगावर तिची तीच गादी घातली. नवारीवर ती पंधरा वर्षे बिनतक्रार चालली होती. फळीवर तिसऱ्या रात्रीच तिने हात टेकले. जुन्या कापसाचे गोळे झाले होते, मध्यभाग विरळ झाला होता. नवारीवर हे दोष जाणवत नव्हते, कारण नवार खालून त्यांना सांभाळून घेत होती. फळीवर मात्र कुशीवर वळले की कमरेचे हाड सरळ लाकडाला लागे. चौथ्या रात्री पाहते तो पलंग रिकामा, आणि आई खाली चटईवर गोधडी अंथरून झोपलेली. रात्रीतून दोनदा तिला उठावे लागे. एक हात गुडघ्यावर, एक हात कप्प्याच्या मुठीवर, आणि मध्ये किती तरी वेळ. अंधारात तिच्या उठण्याचा तो आवाज मी भिंतीपलीकडून ऐकत असे.

नवी गादी घेऊ या, असे मी म्हटले की तिचे उत्तर ठरलेले असे : “चार दिवसांसाठी कशाला गं खर्च?” हे चार दिवस जुलैतही चारच होते आणि श्रावण लागला तरी चारच होते. तिची ट्रंक खोलीच्या कोपऱ्यात कुलूप लावलेली होती. रोजची दोन लुगडी ती तिच्यातूनच काढी आणि धुऊन, घडी घालून तिच्यातच ठेवी. कप्पे रिकामे. लेकीच्या घरी राहायचे तर पाहुण्यासारखे राहावे, या समजुतीत तिचे सारे आयुष्य गेलेले होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही न पिण्याची रीत तिने पाहिलेली आणि पाळलेली. पाहुण्यासाठी कोणी गादी विकत घेत नाही. घेतली, तर तो पाहुणा उरत नाही. तिचा विरोध गादीला नव्हता, हे मला दिसत होते. पण गुडघ्यांना आणि हाडांना रीत कळत नाही, आणि जमिनीवरून उठताना एखाद्या रात्री ती पडली असती तर बोलण्यासारखे काही राहिलेच नसते.

शेजारीपाजारी, नातेवाईक, ज्याला विचारावे त्याने एकच सल्ला दिला : कडक गादी घ्या. पाठीला कडकच चांगली, हे वाक्य आपल्याकडे इतके रूढ आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. पुरावा निराळेच सांगतो. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमध्ये झालेल्या एका अभ्यासाचा अहवाल प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेले ३१३ प्रौढ त्यात होते. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि कोणती गादी कोणाला मिळाली हे त्यांना कळू दिले नाही. ९० दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची बिछान्यातली वेदना आणि दैनंदिन हालचालींतली अडचण कडक गादीवाल्यांपेक्षा अधिक कमी झालेली आढळली.

याचे कारण समजायला प्रयोगशाळा लागत नाही. आपले शरीर सपाट नाही. कठीण फळीवर उताणे झोपून पाहा. पाठीचा वरचा भाग, नितंब आणि टाचा एवढेच टेकतात, कंबर अधांतरी राहते आणि तिला सावरून धरण्यासाठी स्नायू रात्रभर राबत राहतात. कुशीवर झोपलात तर सगळा भार खांदा आणि कमरेचे हाड या दोन ठिकाणी गोळा होतो. उलट फार मऊ गादीत नितंब खोल जातात, शरीराची झोळी होते आणि पाठीचा कणा रात्रभर वाकलेला राहतो. चांगली गादी खांद्याला व कमरेच्या हाडाला आत शिरू देते आणि मधल्या कंबरेला खालून हात देते. बाज तेच करीत होती.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि दुकानात तिचा उच्चार क्वचितच होतो. कडकपणा हा एकट्या गादीचा गुण नाही. तिच्यावर झोपणाऱ्याच्या वजनावरही तो अवलंबून असतो. पंच्याऐंशी किलोच्या माणसाला जी गादी मध्यम वाटते, तिच्यात शेहेचाळीस किलोची म्हातारी शिरतच नाही; तिला ती फळीच. शिवाय वयपरत्वे हाडांवरचे मांस कमी झालेले असते, आणि निसर्गाने दिलेली गादीच पातळ झालेली असते. म्हणून हलक्या माणसाला वरचा थर मऊ लागतो, भारदस्त माणसाला खालचा थर भक्कम लागतो. नवरा-बायकोच्या वजनांत मोठा फरक असेल तर एका मोठ्या गादीऐवजी शेजारी शेजारी दोन निरनिराळ्या गाद्या घालाव्यात, असे मी तर म्हणेन. लोक काय म्हणतील, हा प्रश्न चादर घातल्यावर उरत नाही.

बाजारात गेलात की ‘डेन्सिटी’ हा शब्द कानांवर आदळू लागतो : बत्तीसची आहे, चाळीसची आहे, ताई. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. एक घनमीटर फोमचे वजन बत्तीस किलो भरले तर तो बत्तीस डेन्सिटीचा. आकडा मोठा म्हणजे त्यात माल अधिक, आणि सामान्यतः तो अधिक वर्षे बसका न होता टिकतो. पण तो मऊ आहे की कडक, हे या आकड्यातून कळत नाही. चाळीस डेन्सिटीचा मऊ फोमही असतो आणि अठ्ठावीसचा कडक फोमही असतो. अनेक विक्रेते या दोन गोष्टींची गल्लत करतात. काही अजाणता, काही जाणूनबुजून. तेव्हा आकडा टिकाऊपणासाठी विचारा आणि मऊपणासाठी स्वतः आडवे व्हा.

गाद्यांचे प्रकार पुष्कळ असले तरी फळ्यांच्या पलंगाच्या दृष्टीने थोडक्यात एवढे सांगता येईल. काथ्याची गादी, म्हणजे नारळाच्या सोडणाचे तंतू कुरळे करून, त्यांवर रबराच्या चिकाचा फवारा मारून, दाबून केलेले तक्ते. तिच्यातून वारा खेळतो, आपल्या हवेला ती मानवते. पण नुसती काथ्याची गादी फळीवर घातली तर कडकावर कडक होते. लेटेक्स, म्हणजे तोच रबराचा चीक फेसाळून केलेला थर. लवचीक, टिकाऊ आणि महाग. स्प्रिंगांची गादी सपाट फळीवर खुशाल चालते, तिला खाली दुसऱ्या स्प्रिंगांची गरज नसते; मात्र ती बहुधा आठ इंच किंवा त्याहून जाड असते, आणि ही जाडी कशी नडते ते पुढे सांगते. मेमरी फोम हा अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी १९६०च्या दशकात विमानांतील आसनांकरिता शोधला गेला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत घट्ट होतो. ज्यांनी निफाड-नाशिककडचा पौष काढला आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. लाकडी पट्ट्यांच्या पलंगावर फोम घालायचा असेल, तर दोन पट्ट्यांमधले अंतर तीन इंचांच्या आत ठेवा. नाहीतर फोम त्या फटींत उतरू लागतो.

आईला दुकानात न्यायला दोन आठवडे लागले. शेवटी माझ्यासाठीच गादी घ्यायची आहे, तू नुसती सोबत चल, असे म्हणून मी तिला बाहेर काढले. तिला ते खरे वाटले असेल असे मी समजत नाही. पण घराबाहेर पडायला तिला तेवढे निमित्त पुरले. दुकानदार पन्नाशीचे, बोलघेवडे गृहस्थ होते. “मावशी, असं हातानं दाबून कळत नाही. जरा पडून बघा,” ते म्हणाले. आईचा चेहरा कसनुसा झाला. भर दुकानात, चार पुरुषांसमोर, बाईमाणसाने आडवे व्हायचे? तिने पदर डोक्यावर ओढला आणि ती गादीच्या अगदी कडेवर, बसच्या बाकावर बसावे तशी बसली. दुकानदारांना काय कळायचे ते कळले. त्यांनी दोन्ही नोकरांना चहा सांगायला पिटाळले आणि स्वतः पाठ करून पावत्या चाळत गल्ल्यावर बसले. पुढची वीस मिनिटे त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ते स्वतःहून कळले नाही तर माल विकणाऱ्याला एवढे सांगायला आपणही संकोचू नये.

आई आडवी झाली. चप्पल काढून, नेहमी झोपते तशी उजव्या कुशीवर. पहिली गादी मेमरी फोमची होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “ही बाई धरून ठेवते. कूस बदलू देत नाही.” मेमरी फोमचे वर्णन यापेक्षा अचूक मी अन्यत्र वाचलेले नाही. त्यात खड्डा पडतो तो हळूहळू भरतो; ज्याच्या अंगात जोर आहे त्याला त्याचे काही वाटत नाही, पण ज्याला कूस बदलण्यासाठीच बळ एकवटावे लागते त्याला तो खड्डा चढावा लागतो. दुसरी स्प्रिंगांची : “पाळण्यात घातल्यागत वाटतं.” तिसरी नुसत्या काथ्याची : “हे आपल्या ओट्यासारखं.” चौथी चार इंचांची होती, तीन इंच काथ्या आणि वर एक इंच लेटेक्स. तिच्यावर ती काहीच बोलली नाही. मी तिच्या कमरेखाली तळहात सरकवून पाहिला. ही परीक्षा सोपी आहे, तुम्हीही करून पाहा. उताण्या माणसाच्या कमरेखालून हात सैलसा आरपार गेला तर गादी त्याच्यासाठी फार कडक. शिरतच नसेल तर फार मऊ. किंचित जोर लावून शिरला तर ठीक. हात किंचित जोराने शिरला. काही मिनिटांनी पाहते तो आईचा डोळा लागलेला. हातातली पिशवी मात्र तिने झोपेतही सोडलेली नव्हती.

दुकानदारांनी आता आठ इंची गादीचा आग्रह धरला. जाड गादी म्हणजे चांगली गादी, हा समज त्यांच्या धंद्याचा पाया असावा. मी टेप मागून घेतला. आई खुर्चीवर बसली असता जमिनीपासून तिच्या गुडघ्यामागच्या खाचेपर्यंतचे अंतर सोळा इंच भरले. पलंगाची फळी जमिनीपासून तेरा इंच. त्यावर चार इंचांची गादी घातली की सतरा. बसल्यावर कड थोडी दबते, म्हणजे पावले पूर्ण टेकतात आणि गुडघ्यांवर फारसा भार न देता उठता येते. आठ इंचांची घातली तर एकवीस. तिचे पाय लहान मुलासारखे अधांतरी लोंबणार, आणि रात्री अंधारात उतरताना जमीन चाचपावी लागणार. वृद्ध माणसाची गादी घेताना पाठीइतकाच पायांचाही विचार करावा लागतो, कारण पडणे होते ते बहुधा झोपेत नव्हे, उठताना होते. गादीची कड दाबून पाहायची ती याचसाठी. कडेवर बसल्यावर ती घसरगुंडीसारखी कलली, तर बाकी सारे गुण असूनही ती गादी म्हाताऱ्या माणसाच्या कामाची नाही.

“किती वर्षं टिकेल?” आईने जागी होऊन विचारले.

“दहा-बारा वर्षं कुठं गेली नाहीत, मावशी.”

आईने बोटांवर काही मोजले. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यामागून नातीला होईल.” दुकानदारांना यावर काय बोलावे ते सुचेना. मी पैसे दिले.

परत येताना रिक्षात तिने एकच गोष्ट विचारली : तिच्या गादीचे काय करायचे. तो कापूस फेकून द्यायचा नाही, हे तिच्या विचारण्यातच होते. वडिलांनी वेचणीच्या वेळी बाजूला काढून ठेवलेला तो कापूस. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही पिंजाऱ्याकडे गेलो.

पूर्वी पिंजारी दारोदार येत. खांद्यावर धनुष्यासारखा मोठा पिंजण, त्यावर ताणलेली तात, हातात लाकडी मोगरी. मोगरीचा ठोका बसला की तातेचा टणत्कार आळीभर घुमे आणि अंगणात कापसाचे ढग उठत. आता पिंजण गेला, यंत्र आले. पण गादी कारखान्याची पाटी लावलेले लहानसे दुकान अजून बहुतेक गावांत सापडते. आमच्या पिंजाऱ्याने खोळ उसवली आणि कापूस बाहेर काढून दोन ढीग केले. कुजकट, काळवंडलेला, पीठ झालेला एकीकडे; अजून तंतूत जीव असलेला दुसरीकडे. गादीत अकरा किलो कापूस होता, त्यातला सहाएक किलो कामाचा निघाला. आई स्टुलावर बसून पाहत होती. ते दिवस भाद्रपदातले. तुळजापूरला याच सुमारास, वद्य अष्टमीला भवानी मंचकी निद्रेसाठी पलंगावर जाते आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर येते. त्याआधी तिच्या गाद्यांचा कापूस पिंजून घेण्याची रीत आहे. आईने ती त्या माणसाला सांगितली. त्याला ती ठाऊक होती. “देवीला लागतं, मग माणसाला नको का?” तो म्हणाला, आणि यंत्र सुरू केले. त्या घरघरीत पुढचे बोलणे ऐकू आले नाही.

पिंजलेल्या कापसाची दीड इंचाची पातळ गादी करवून घेतली. नवा गादीपाट, निळ्या पट्ट्यांचा. भरताना एक सूचना मात्र जरूर द्या : दाभणाचा टाका फार ओढू नका म्हणावे, नाहीतर टाक्यापाशी खळगे पडतात आणि मधल्या उंचवट्यांचे पुन्हा गोळे होतात. ही कापसाची गादी आम्ही काथ्या-लेटेक्सच्या गादीवर घातली. अंगाखाली दबून ती जेमतेम अर्धा-पाऊण इंच राहते, म्हणून उंचीचे गणित फारसे बिघडत नाही. घाम ती शोषते, थंडीत ऊब देते, आणि उन्हात टाकता येते. लेटेक्स उन्हात टाकू नये. उन्हाने त्याचा भुगा होऊ लागतो. कापसाला मात्र जेवढे ऊन दाखवाल तेवढा तो फुलतो. वरची गादी आठवड्याला गच्चीवर आणि खालची महिन्याला भिंतीशी उभी, अशी आमच्या घरी वाटणी आहे. उन्हात टाकलेली गादी सूर्य मावळण्यापूर्वी आत आणावी हे सांगायला नको. पण ती लगेच घडी करू नये, जरा निवू द्यावी, हे आईकडून कळलेले.

फळीविषयी एक गोष्ट राहिली. झोपेत अंगातून घाम जातो. तो गादीतून खाली झिरपतो आणि सलग प्लायवूडपाशी अडकतो. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात गादी उचलून पाहावी. खालच्या अंगाला बुरशीचे काळे ठिपके दिसले तर दोष गादीचा नसून वारा न लागण्याचा असतो. नाशिकची हवा त्या मानाने कोरडी. तरी मी सुताराला बोलावून फळीला इंचभर व्यासाची चोवीस छिद्रे पाडून घेतली, चार ओळींत सहा-सहा. चांगल्या फळीची अशी चाळण करणे त्याच्या जिवावर आले होते. नवा पलंग करवून घेणाऱ्यांनी हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे सुतारही दुखावत नाही आणि सनमायकाही तडकत नाही.

उरलेल्या कापसाची एक लहान उशी झाली. ती पाठीशी घेऊन आई दुपारी पलंगावर पोथी वाचते. चटई गुंडाळून कपाटामागे गेली आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या खोलीत झाडायला गेले, तेव्हा कोपऱ्यातली ट्रंक उघडी होती आणि पलंगाच्या एका कप्प्यात लुगड्यांच्या घड्या लागलेल्या होत्या. मी काही बोलले नाही, तिनेही काही सांगितले नाही. आता दोन्ही कप्पे भरले आहेत. छिद्रांतून गादीला लागणारा वारा त्या कप्प्यांतूनच यायचा असतो, म्हणून ते काठोकाठ भरू नकोस, वर चार बोटे जागा सोड, असे मी तिला सांगत असते. ती ऐकून घेते आणि माझी पाठ वळली की त्यात आणखी एक गोधडी कोंबते. त्यावरून आमची अजून रोज बाचाबाची होते.